‘साधा फ्लू’ की महामारी? आधी छेद विचारा!

पावसाळा लागला की आपल्या डोंबिवली-कल्याणच्या शाळांत एकेका वर्गात पाच-सात बाक रिकामे दिसू लागतात. पालकांचा निरोप ठरलेला असतो, “साधा फ्लू आहे हो बाई, दोन दिवसांत येईल शाळेत.” बहुतेक मुलं येतातही. पण २०२० साली हेच शब्द कोरोनाबद्दल ऐकू यायचे, “काय घेऊन बसलात, साधा फ्लूच तर आहे!” आणि त्याआधी २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ एवढं नाव काढलं तरी लोक नाकाला रुमाल लावायचे. कोणता रोग किती मारक, हे आपण नावावरून ठरवतो. माझं म्हणणं असं की हा विषय विज्ञानाच्या तासाइतकाच गणिताच्या तासाचाही आहे. अपूर्णांकात छेद कुठला आहे हे पाहिल्याशिवाय अंशाला काही अर्थ नसतो.

वर्गात एक उदाहरण मुद्दाम द्यावं असं आहे. २०१५ साली भारतात स्वाइन फ्लूचे सुमारे ४२,५०० रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास २,९९० मृत्यू झाले. भागाकार करा, उत्तर येतं ७ टक्के. आता कोरोना घ्या. महाराष्ट्रात नोंदलेले रुग्ण साधारण ८१ लाख आणि मृत्यू १ लाख ४८ हजार. उत्तर येतं १.८ टक्के. म्हणजे स्वाइन फ्लू कोरोनाच्या चौपट मारक? मुलं इथे हमखास गोंधळतात, आणि गोंधळलेलं बरंच. कारण स्वाइन फ्लूच्या वेळी सर्दी-ताप असलेल्या प्रत्येकाची चाचणी होत नव्हती. सरकारी नियमांत रुग्णांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे गट होते आणि चाचणी मुख्यतः ‘क’ गटाची, म्हणजे दवाखान्यात दाखल करण्याइतक्या आजारी माणसांची व्हायची. घरी बसून काढा पिऊन बरे झालेले हजारो-लाखो लोक छेदात आलेच नाहीत. छेद लहान झाला की उत्तर मोठं येणारच.

उलट मोसमी फ्लूचा छेद अवाढव्य असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो आणि त्यामुळे श्वसनाच्या विकारांनी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं दगावतात. दहा हजार आजाऱ्यांमागे तीन ते सहा-सात मृत्यू. दर अगदी किरकोळ वाटतो, पण एकूण आकडा बघा, तोही दरवर्षीचा! त्यात म्हातारी माणसं, लहान बाळं, गरोदर बायका, दम्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण जास्त. ‘साधा’ हे विशेषण ज्याला दोन दिवसांत बरं वाटलं त्याने लावलेलं असतं, एवढंच.

कोरोनात तर अंश आणि छेद दोन्ही कच्चे होते. २०२१ च्या जून-जुलैमध्ये झालेल्या देशव्यापी रक्ततपासणीत सहा वर्षांवरच्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांमध्ये कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्यातल्या काहींची लसीमुळे होती हे धरलं, तरी संसर्ग नोंदींच्या कितीतरी पट झाला होता. पण मृत्यूही सगळे नोंदले गेले नव्हते. २०२१ अखेरपर्यंतची सरकारी नोंद ४ लाख ८० हजारांच्या आसपास, तर २०२० आणि २०२१ मिळून जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख जादा मृत्यूंचा. सरकारला हा अंदाज मान्य नाही. वाद राहू द्या, पण ज्याने फक्त छेद वाढवून ‘बघा, दर किती कमी!’ म्हटलं, त्याने अंशाकडेही बघायला हवं होतं.

आता १९१८ कडे या. तो फ्लूच होता. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस तापाने आजारी पडले, ती पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरची लाट भयंकर ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रोग रेल्वेने देशभर गेला, आणि मुंबईहून पुण्याकडे किंवा नाशिककडे जाणारी गाडी ठाण्यावरून कल्याणला आल्याशिवाय पुढे जात नसे. देशात किती माणसं गेली? अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या घटली. जनगणनेत असं त्यानंतर पुन्हा कधी झालं नाही. आणि मेले कोण, तर मोठ्या प्रमाणावर वीस ते चाळीस वयाची कमावती माणसं.

त्या वर्षीच्या मुंबईच्या नोंदींतला एक तक्ता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, आणि अहवालाने ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच, शहर एकच, आणि फरक सातपटीचा! दाटीच्या खोल्या, त्या वर्षी पाऊस फसल्याने महागलेलं धान्य, उशाशी बसायला कुणी नाही. मग ‘हा विषाणू इतके टक्के मारतो’ असं एक वाक्य कसं लिहिणार?

मग महामारी वेगळी कशाने? विषाणू नवा असतो आणि कुणाच्याच अंगात त्याची ओळख नसते, म्हणून सगळे एकदम आजारी पडतात. १८ एप्रिल २०२१ ला महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. दुसऱ्याच दिवशी प्राणवायूसाठी रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे निघाली. खाट आणि प्राणवायू मिळाला तर जो वाचला असता, तो त्या आठवड्यात वाचेलच असं नव्हतं. मृत्यूचा दर गर्दीनेही वाढतो. हे लोकलने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!

गंमत अशी की २००९ चा तो नवा विषाणू कुठे गेला नाही. आज मोसमी फ्लूच्या विषाणूंत तो एक आहे आणि फ्लूच्या लसीत त्याच्यासाठी घटक असतो. नाव ‘साधा’ झालं, कारण आपल्या शरीरांना त्याची सवय झाली. ज्या आजी-आजोबांना आधीच दम लागतो, त्यांच्यासाठी तो अजून साधा झालेला नाही. त्यांना लस द्यायची का, हे या पावसाळ्यात डॉक्टरांना जरूर विचारावं.

विद्यार्थ्यांसाठी काम : साथीची एखादी बातमी कापून वहीत चिकटवा. मृतांच्या आकड्याखाली रेघ मारा आणि तिच्याखाली छेद लिहा : चाचणी झालेले, दाखल झालेले, सगळे आजारी की सगळी लोकसंख्या? बातमीत छेद दिलेला नसेल, तर जागा रिकामी सोडून तसं लिहा.