पथ्य परवडले पाहिजे

आहाराविषयी सल्ला देणे ही आपल्या व्यवसायातील सर्वांत सोपी गोष्ट होय, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. औषधाची मात्रा लिहिताना आपण दोनदा विचार करतो. परंतु 'प्रथिनयुक्त आहार घ्यावा, फळे व सुकामेवा खावा' हे वाक्य लिहिताना पेन क्षणभरही थांबत नाही. ही समजूत इंदूरमधील माझ्याच एका वृद्ध रुग्णाने दूर केली. त्या अनुभवातून जे मत बनले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने समव्यवसायी बंधुभगिनींपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावे, असे वाटते.

सत्तरी ओलांडलेल्या या काकू जुन्या वस्तीतील दोन खोल्यांत एकट्या राहतात. यजमान गेले, मुलगा दूरच्या शहरात बेताच्या नोकरीवर. थकवा, भूक मंद, वजन ४२ किलो, रक्त कमी. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, आहारात पनीर, फळे व बदाम लिहिले आणि प्रथिनांच्या भुकटीचा एक डबाही लिहून दिला. महिन्याने त्या आल्या तेव्हा वजन सव्वा किलोने घटले होते. मी जरा रागानेच विचारले, "काकू, सांगितलेलं घेत नाही का?" त्या संकोचून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डबा आणला ना. तो आणला म्हणून दूध अर्धं केलं आणि भाजी एक दिवसाआड. पाचशे रुपयांत आठवडा काढायचा असतो."

मी निरुत्तर झालो. त्यांच्या ताटातले दूध आणि भाजी माझ्याच चिठ्ठीने काढून घेतली होती. चूक त्यांची नव्हती. किंमत न विचारता पथ्य लिहिणाऱ्याची होती.

त्या आठवड्यात मी स्वतः वाण्याकडे आणि भाजीबाजारात जाऊन भाव विचारले आणि एका माणसाचा सात दिवसांचा शिधा मांडून पाहिला. कणीक एक किलो, ज्वारीचे पीठ अर्धा किलो, तांदूळ पाव किलो : ऐंशी रुपये. तूरडाळ व अख्खे मूग प्रत्येकी २०० ग्रॅम, हरभरे १५० ग्रॅम : सुमारे सत्तर. शेंगदाणे १५० ग्रॅम : वीस-बावीस. रोज पाव लिटर दूध : शंभर. तीन अंडी : एकवीस, अंडी चालत नसतील तर तेवढ्याच पैशांत सोयाबीनच्या वड्या. मोसमातील भाजी दोन किलो : ऐंशी. चार केळी आणि थोडी पपई किंवा पेरू : चाळीस. तेल दीडशे मिलिलिटर : पंचवीस. गूळ, साखर, चहा, मीठ-मसाला व लिंबे : चाळीस. बेरीज पावणेपाचशेच्या आसपास झाली. भाव हंगामाप्रमाणे खालीवर होतील, पण आराखडा बदलणार नाही.

या शिध्यातून दिवसाला सुमारे अठराशे उष्मांक आणि साठ ग्रॅमच्या जवळपास प्रथिने मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वार्धक्यात थोडी अधिक धरली, तरी काकूंच्या बांध्याला हा शिधा पुरून उरतो. म्हणजे त्यांच्या पाचशे रुपयांत चांगला आहार बसत होता. बसत नव्हता तो माझा डबा.

आपल्या माजघरातल्या वस्तूंकडे आपण डॉक्टर मंडळी पुरेशा आदराने पाहत नाही, असे मला वाटते. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. मेतकूट म्हणजे तरी काय? भाजलेल्या डाळींची आणि धान्यांची, महिनोन्महिने टिकणारी भुकटीच ती. फक्त तिच्या डब्यावर रंगीत चित्र नसते. थालीपिठाची भाजणी, तीळ-जवसाची किंवा कारळाची चटणी, मोड आलेले मूग यांना कोणत्याही जाहिरातीची गरज पडलेली नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो. परंतु ज्याला इथे जाम म्हणतात त्या पेरूत सफरचंदाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. हिवाळ्यात बथुआ म्हणून विकला जाणारा चाकवत, मेथी, पालक मुबलक आणि स्वस्त असतात. त्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये, एवढे सांगितले तरी अन्नातील लोह अंगी लागण्यास मदत होते. या सल्ल्याला चार आणेही पडत नाहीत.

तथापि केवळ पैशांचे गणित सुटले म्हणजे प्रश्न सुटला, असे नव्हे. एकट्या माणसाचा खरा शत्रू कंटाळा आहे. 'एका जिवासाठी कुठे रांधत बसायचे?' हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकले आहे. मग सकाळी चहा-टोस्ट, दुपारी शेव-परमल आणि रात्री पुन्हा चहा-टोस्ट. पोट भरते, मीठ आणि तेल वाढते, शरीर मात्र झिजत जाते. शिवाय जिन्नस सुटे, थोडे थोडे घेतले की महाग पडतात आणि एकदम घेतले तर कीड लागते. म्हणून सल्ला देताना रांधण्याचा त्रासही मोजला पाहिजे. एकाच कुकरमध्ये वरण, भात आणि भाजी. दहा मिनिटांत होणारे पिठले. एकदा मोड आणून तीन दिवस पुरवलेले मूग. रविवारी करून ठेवलेली चटणी. असा स्वयंपाक थकलेल्या हातांनाही झेपतो. दात नसतील तर भाकरी वरणात कुस्करावी, दाण्यांचे कूट करावे.

येथे कोणी म्हणेल की, दवाखान्यात गर्दी असताना हे सारे विचारायला वेळ कुठून आणायचा? माझ्या मते तीन प्रश्न पुरेत : घरी रांधते कोण, आठवड्याला खाण्यावर किती खर्च करता येतो आणि चावता येते का? या तीन उत्तरांविना लिहिलेले पथ्य अपुरे होय. अर्थात वैद्यकीय विवेक सोडून चालणार नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डाळ-दाणे मोजूनच द्यावे लागतील. मधुमेह्याच्या ताटातली केळी आणि गूळ कमी करावा लागेल. शुद्ध शाकाहारी वृद्धांत ब१२ ची उणीव डाळींनी भरून निघत नाही, तिथे तपासणी आणि औषध हवेच. पूरक भुकटीचीही काही रुग्णांना खरी गरज असते. मात्र ती लिहिताना तिच्यापायी ताटातले काय कमी होणार आहे, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काटकसरीलाही तळ असतो. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान मासिक रक्कम २०१४ साली एक हजार रुपये ठरवली गेली. तेवढ्यावर जगणाऱ्याने वर मांडलेला शिधा घेतला तर तो जेमतेम दोन आठवडे पुरेल. भाडे, वीज, औषध वेगळेच. अशा माणसाला मेतकुटाचे गुणगान ऐकवणे क्रूरपणाचे आहे. तिथे उपदेश थांबवून मदत सुरू झाली पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे पात्र कुटुंबातील प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पण अनेक पांढरपेशा वृद्धांना रांगेत उभे राहण्याची लाज वाटते, काहींकडे कार्डच नसते. ते कार्ड मिळवून देण्यास एखादा तरुण कार्यकर्ता सोबत गेला, तर ते कोणत्याही शक्तिवर्धकापेक्षा मोलाचे ठरेल.

आपला समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावला आहे. मुले पुणे-बंगळूरला आणि परदेशी गेली. मागे जुन्या घरांतून एकेकटी माणसे उरली. आपण त्यांच्यासाठी आरोग्य शिबिरे भरवतो, रक्तदाब आणि साखर मोजतो, हे योग्यच आहे. त्याच शिबिरात एक टेबल शिध्याचे का असू नये? चार-पाच एकट्या वृद्धांसाठी महिन्याचा किराणा सियागंजातून एकत्र आणून वाटून घेतला, तर थोडक्यात आणि घाऊक भावात काम होईल. आठवड्यातून एक दिवस ती माणसे एका पंक्तीला बसली, तर दोन घास जास्त जातील, हे सांगायला कोणा आहारतज्ज्ञाची गरज नाही.

काकूंचा डबा मी बंद केला, दूध पूर्ववत करवले आणि चिठ्ठीवर गोळ्यांखाली मूग, दाणे, भाजी, लिंबू अशी यादी मात्रेसह लिहिली. तीन महिन्यांनी वजन दोन किलोने वाढले. गोळ्यांचा वाटा त्यात होताच. परंतु ती यादी त्यांनी देवघराजवळ चिकटवून ठेवली आहे, असे त्यांनी सांगितले तेव्हा मला अधिक समाधान वाटले. चिठ्ठी पुरी करण्यापूर्वी त्या तीन प्रश्नांसाठी आपण सर्वांनी दोन मिनिटे काढावीत, एवढीच नम्र विनंती.