रक्ताचा गॅस, मालक कोण?

कत्तलखान्यातल्या घाणीचंही आता सोनं होणार म्हणे. रक्त, आतडी, चरबी, कापलेल्या जनावराच्या पोटातला अर्धामुर्धा पचलेला चारा बंद टाकीत घालायचा. हवा लागू द्यायची नाही. कुजू द्यायचं. निघेल तो गॅस जाळायचा, उरेल तो रबडा शेताला खत. यात थाप काही नाही. स्वीडनच्या लिंकोपिंग शहरात या मालावर बसगाड्या धावल्या, 2005 साली आगगाडी धावली. सिरसाळ्यासारख्या बाजाराच्या गावात हे रक्त टाकीत गेलं तर आम्हांला हवंच आहे. उघडी नाली शेवटी कुणाच्या वस्तीत येऊन तुंबते, ते काय सांगायचं?

2018 साली दिल्लीने गोबरधन योजना काढली. नावात गोबर घेतला, रक्त नाही घेतलं. गोबर पवित्र ना! टाकीतले जंतू मात्र सोवळं पाळत नाहीत. चरबीपासून शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस सुटतो. नुसती रक्त-चरबी कोंबली तर टाकी आंबते, बंद पडते, म्हणून तिच्यात शेण, पालापाचोळा मिसळावाच लागतो. विज्ञानाशी आपलं भांडण नाही. भांडण पुढचं आहे.

सिरसाळा परळी तालुक्यातलं. परळीच्या वीज केंद्राची राख या भागाने वर्षानुवर्षे छातीत ओढली. तेव्हा ती घाण होती, तिला कुणी मालक नव्हता. 1999 साली केंद्राने विटांत राख मिसळायची सक्ती केली आणि राखेला भाव आला. भाव आला तसे ठेकेदार आले, हायवा आले, दादा लोक आले. वीटभट्टीवर राबणारा उचल घेऊन तिथंच राहिला. गॅसचंही हेच होणार नाही कशावरून?

आणि घाणीतल्या नफ्याचा हिशेब आम्हांला कुणी पहिल्यांदाच शिकवत नाही. 1927 च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. मेलेली ढोरं ओढणं आमच्या लोकांनी टाकलं, तेव्हा ‘केसरी’त हिशेब छापून आला होता. शिंगं, खुरं, हाडं, मांस धरून वर्षाला पाचशे रुपयांचा फायदा हे लोक गमावतात म्हणून. बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ती गोष्ट सांगितली. त्यांचं उत्तर असं होतं, की फायदा आहे तर तुम्हीच ओढा, वर पाचशे मी देतो. ओढायला कुणी आलं नाही.

आज ओढायला येणार नाहीत, पण टेंडर भरायला येतील. टाकीत उतरायला मग कोण? रक्तामांसाच्या टाकीत सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस धरतो. तो जास्त झाला की नाक बधिर होतं, वासच येत नाही. माणूस समजतो, गेला गॅस. खाली उतरतो आणि वर येत नाही. 2013 च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टँकमध्ये जीव धोक्यात घालून माणूस उतरवायला बंदी आहे. तरी तिथं कोण मरतो ते रोजचं वर्तमानपत्र सांगतं. उद्या टाकीचं नाव बदललं म्हणून मरणाऱ्याची जात बदलणार आहे का?

कसाई बांधवांनाही यात धरलं पाहिजे. 2015 साली राज्यात बैल कापायला बंदी आली. म्हातारा बैल शेतकऱ्याच्या दावणीला, कुरेशी घरी, कातडं कमावणारा ढोर-चांभार रस्त्यावर. धंदा असा मारायचा आणि उरलेल्या म्हशी-बकऱ्यांच्या रक्तावर तिसऱ्यानेच गॅस काढायचा? साला, हा कुठला न्याय!

तेव्हा गावोगावच्या पोरांनी ग्रामसभेत, पंचायत समितीत हे ठणकावून मांडावं: टाकी बसवा, पण मालकी तिथं राबणाऱ्या खाटीक-कुरेशी-दलितांच्या सहकारी संस्थेची. माल पंपाने आत जाईल, गाळ पंपाने बाहेर येईल, माणूस आत उतरणार नाही, असं करारात लिहून घ्या. पगार महिन्याचा, विमा पहिल्या दिवसापासून. आणि पहिली गॅसची जोडणी नालीकाठच्या घराला. एवढं मान्य नसेल, तर ठेकेदारसाहेबांनी बाही वर करून स्वतः बादली उचलावी. वरचे पाचशे आम्ही वर्गणी काढून देऊ.