वंशाचा रकाना आणि मूत्रपिंडाचे गणित

आई श्वेतवर्णीय आणि वडील कृष्णवर्णीय असतील, तर मुलाचे मूत्रपिंड कोणत्या वंशाचे? प्रश्न विचित्र वाटेल. पण अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळा अगदी अलीकडेपर्यंत रक्ततपासणीच्या अहवालात त्याचे उत्तर गृहीत धरत होत्या.

मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात हे प्रत्यक्ष मोजणे किचकट असते. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने अंदाज काढतात. हाच अहवालातला ‘ईजीएफआर’. १९९९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर हा आकडा सुमारे १८ टक्क्यांनी, तर २००९ च्या सूत्रात सुमारे १६ टक्क्यांनी वाढवला जाई. अभ्यासातील कृष्णवर्णीयांमध्ये मूत्रपिंडाचे काम तेवढेच असूनही क्रिएटिनिन सरासरीने जास्त आढळले होते. त्यांचे स्नायू अधिक असतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. पण त्याला भक्कम पुरावा नव्हता.

या गुणाकाराची किंमत मोठी होती. अमेरिकेत हा आकडा २० किंवा त्याहून खाली आला की प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजला जाऊ लागतो. एखाद्याचा आकडा १८ आला, तर तो यादीसाठी पात्र. तोच कृष्णवर्णीय म्हणून नोंदला गेला, तर आकडा २१ च्या आसपास जाई आणि तो यादीबाहेर राही. रक्त तेच, फरक फक्त रकान्याचा.

मिश्र वंशाच्या माणसाला तर या सूत्रात जागाच नव्हती. कृष्णवर्णीय किंवा इतर, एवढे दोनच पर्याय. अमेरिकी जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा २००० मध्ये मिळाली. २०१० मध्ये अशी नोंद असलेले सुमारे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. या वाढीतला बराच भाग प्रश्नांची रचना आणि उत्तरांची वर्गवारी बदलल्यामुळे आहे. म्हणजे जनगणनेतही वंशाचे उत्तर प्रश्न कसा विचारला यावर हलते. अशा हलत्या उत्तरावर उपचाराचा निर्णय बेतणे धोक्याचेच.

सप्टेंबर २०२१ मध्ये नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांच्या कृतिगटाने वंशाविना नवे सूत्र वापरण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये प्रत्यारोपण यंत्रणेने वंशाधारित आकड्यांना मनाई केली. जानेवारी २०२३ पासून, जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ मागे नेऊन मोजण्याची सोय झाली. नवे सूत्रही अचूक नाही. ते कृष्णवर्णीयांचा आकडा किंचित कमी, तर इतरांचा किंचित जास्त दाखवते. म्हणूनच निर्णय सीमेवरचा असेल तेव्हा ‘सिस्टाटिन सी’ ही दुसरी रक्ततपासणी जोडण्याचा सल्ला दिला जातो.

मग वारसा निरर्थक ठरतो का? नाही. ‘एपीओएल१’ या जनुकाचे काही प्रकार प्रामुख्याने पश्चिम आफ्रिकी वंशपरंपरेत आढळतात. आई आणि वडील दोघांकडूनही असा प्रकार आला, तर मूत्रपिंडविकाराचा धोका वाढतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी जुळावे लागणारे ‘एचएलए’ प्रकारही निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून येतात. त्यामुळे मिश्र वंशाच्या रुग्णाला नात्याबाहेरचा जुळणारा दाता मिळणे अधिक कठीण जाते. दोन्ही ठिकाणी कामाचे ठरते ते प्रत्यक्ष तपासलेले जनुक. त्वचेचा रंग किंवा अर्जावरची खूण नव्हे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आता आजी एका खंडातली आणि आजोबा दुसऱ्या खंडातले अशी नातवंडे आहेत. त्यांच्या डॉक्टरांना ‘वंश कोणता’ या एका शब्दाच्या उत्तरापेक्षा दोन्हीकडच्या घराण्यांत कोणाला, कोणत्या वयात, कोणता आजार झाला हे सांगणे कितीतरी उपयोगाचे. ती माहिती देणारी पिढी हयात आहे तोवर लिहून ठेवलेली बरी.