हे घडवले कोणी?

लोणच्याची चिनी मातीची बरणी आपल्या घराघरांत असते. अशाच चिनी भांड्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २००९ साली खास दालन उघडले. सुमारे १७०० वस्तूंचा हा संग्रह सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा. त्यांचा जन्म १८९२ साली आपल्या मुंबईतच झाला.

या संग्रहात निळ्या नक्षीचे, दोन-दोन फूट उंचीचे दोन कलश आहेत. त्यांच्या मानेवर लेख आहे. झांग वेनजिन नावाच्या गृहस्थाने घरादाराला सुखशांती लाभावी म्हणून १३५१ साली ते देवळाला अर्पण केले. दात्याचे नाव, गाव, साल सारे त्यात आहे. घडवणाऱ्या कुंभाराचे नाव मात्र नाही!

हे कलश जिंगदेजेन गावच्या भट्टीतले. एक पेला तयार व्हायला ७२ हात लागतात, असे १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथात म्हटले आहे. माती मळणारे, चाक फिरवणारे, नक्षी काढणारे, भट्टी पेटवणारे, सगळे निनावीच राहिले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही चिनी भांडी आहेत. सुट्टीत मुलांना जरूर न्या. दात्याची पाटी वाचून झाली की त्यांना एवढेच विचारा, हे घडवले कोणी?