इंजिन पाहून एसी!

"जालना, सोन्याचा पालना" असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता अंबड चौफुलीवर उभं राहून कुणी हे हसतमुखाने म्हणून दाखवावं, मी त्याला आठवडाभर कॅन्टीनचा चहा पाजीन! पारा चाळिशीच्या वर, रस्त्याचं डांबर पायाला चिकटतंय आणि उन्हात उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. अशा गावात कुणी आपल्या जुन्या गाडीला एसी बसवायचा म्हणाला तर त्याला चैन म्हणू नये. ती गरज आहे.

माझा मुद्दा वेगळाच आहे. हॉस्टेलवर हा विषय निघाला की दोन मिनिटांत ब्रँडवर गाडी येते. हा कंप्रेसर की तो? जपानी की देशी? आणि शेवटी सगळ्यांचं एकमत, "मोठ्यात मोठा घे, विषय संपला!" मित्रहो, आपण यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थी. आपणच गणित सोडून असं बोलायला लागलो तर शिकलो तरी कशाला?

उदाहरण म्हणून कॉन्टेसा घेऊ. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९८४ च्या सुमारास आणली. मूळ घडण इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, रस्त्यावर आली की माणसं मान वळवून बघायची. २००२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण "भारताची मसल कार" हे बिरुद अजून आहे. आता खरं सांगू? शरीर पैलवानाचं असलं तरी सुरुवातीच्या कॉन्टेसाचं काळीज अँबॅसेडरचं होतं. तेच १४८९ सीसीचं इंजिन, ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे तिच्या अंगात जीव आला.

याउलट, जिच्यापासून अमेरिकेत मसल कारचं युग सुरू झालं असं मानतात ती १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ बघा. इंजिन ६.४ लिटर, ताकद ३२५ अश्वशक्ती. जुन्या गाड्यांना एसी बसवण्याचे तयार संच तिकडे मिळतात ते अशा राक्षसांसाठी. एसीने त्यातून चार-पाच अश्वशक्ती खाल्ली तर ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. आपल्या कॉन्टेसाच्या ताटातली मात्र दहावी पोळी गेली! म्हणून तिकडचा सल्ला जशाच्या तसा इकडे चालत नाही.

चार-पाच हा आकडा हवेतून आलेला नाही. गाडीच्या एसीची क्षमता साधारण एक ते दीड टन असते. एक टन म्हणजे ३.५ किलोवॅट. चार किलोवॅट उष्णता बाहेर काढायची आणि आपल्या उन्हाळ्यात सीओपी दोनच्या आसपास धरला, तर कंप्रेसरला दोन किलोवॅट, म्हणजे पावणेतीन अश्वशक्ती लागते. त्यात ब्लोअर, पंखा, बेल्टचं घर्षण मिळवा. महामार्गावर हे निभावतं. पण आयडलिंगला, ८०० आरपीएमवर, पूर्ण थ्रॉटल दिला तरी हे इंजिन अंदाजे सात-आठ अश्वशक्तीच देऊ शकेल. शिवाय केबिनमधून काढलेले चार आणि कंप्रेसरचे दोन असे सहा किलोवॅट कंडेन्सर बाहेर टाकतो, तेही थेट रेडिएटरच्या तोंडावर!

आमच्या थोरल्या काकांकडे अशीच १.५ ची कॉन्टेसा आहे. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने त्यांना "बसमध्ये बसल्यासारखं कूलिंग देतो" म्हणून भलामोठा संच गळ्यात मारला. रेडिएटर तपासला नाही, जादा पंखा लावला नाही. अंगारकीला आजीला घेऊन ते राजूरच्या गणपतीला निघाले. राजूरच्या अलीकडे रांगेत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती, एसी फुल्ल, आणि काटा लालमध्ये गेला. हेड गॅस्केट उडालं. पुढे हेड फेसिंग, गॅस्केट आणि दोन महिने गाडी उभी. आजी अजूनही म्हणते, "मला आपली एसटी बरी. खिडकी उघडली की झाला एसी."

तेव्हा निवड कशी करावी? माझ्या मते क्रम उलटा हवा. दुकानात सगळ्यात शेवटी जायचं.

आधी उष्णता आत येऊ देऊ नका. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला जवळपास १००० वॅट ओततं. प्रत्येक माणूस शंभरेक वॅटचा हीटर असतो, तो काही काढता येत नाही, पण बाकीचं आपल्या हातात आहे. छताला आणि इंजिनमागच्या पत्र्याला आतून उष्णतारोधक थर द्या, दारांचे झिजलेले रबर बदला, पेडलजवळची भोकं बुजवा. या कामात पैसे कमी आणि फायदा जास्त. त्यानंतर एक टनाच्या आसपासचा संचही पुरू शकतो.

मग गाडीची तब्येत बघा. रेडिएटर सोलून साफ करा, थर्मोस्टॅट तपासा. कंडेन्सरला स्वतःचा विजेचा पंखा हवाच. ब्लोअर, पंखा आणि क्लच मिळून २५-३० अँपिअर सहज ओढतात. जुना अल्टरनेटर ३५-४० चा असेल तर रात्री हेडलाइट लावल्यावर बॅटरी रडायला लागते. तो आधी बदला.

तिसरी गोष्ट कंडेन्सर. लोक कंप्रेसरवर भांडतात, पण आपल्या हवेत खरी लढाई कंडेन्सर लढतो. ६० अंशाला जुन्या आर-१२ गॅसचा दाब साधारण १५ बार, तर आर-१३४ए चा जवळपास १७ बार. म्हणून जुन्या नळी-पट्टीच्या कंडेन्सरमध्ये नुसता नवा गॅस भरून भागत नाही. ग्रिलमागे मावेल तेवढा मोठा पॅरलल-फ्लो कंडेन्सर घ्या. कंप्रेसर मात्र बेताचा घ्या. पाच पिस्टनचा १३८ सीसीचा सँडन ५०८ अशा इंजिनाला पुरतो. तो बसवताना पुली एका रेषेत नसतील तर बेल्ट किंचाळणारच, तेव्हा ब्रॅकेटवर वेळ घालवा.

चौथं, डॅशबोर्डला करवत लावू नका. डॅशखाली टांगायचं युनिट दिसायला तितकं देखणं नसेल, पण उद्या काढता येतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूप जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. आजची जुनी गाडी उद्याचा वारसा आहे, एवढं भान असावं.

आणि शेवटी गॅस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. आर-१२ ने ओझोनचं वाटोळं केलं, भारतात त्याचं उत्पादन २००८ मध्ये थांबलं. जुनी सिस्टीम आर-१३४ए वर नेताना तेल, सील आणि ड्रायर बदलावेच लागतात. पण हा नवा गॅसही साधू नाही. एक किलो हवेत सोडला तर सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी उष्णता अडते. तरी कितीतरी ठिकाणी जुना गॅस सरळ हवेत सोडतात, व्हॅक्यूम न ओढता, वजन न करता नवा भरतात. स्वस्त डब्यातला गॅस तर घेऊच नका. २०११ साली व्हिएतनाममध्ये जहाजी कंटेनरांच्या एसीत बनावट आर-१३४ए भरला गेला. त्यातल्या मिथिल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन स्फोट झाले, माणसं दगावली. स्वस्ताई ही अशी महागात पडते.

यावर कुणी म्हणेल, "एवढं करण्यापेक्षा नवी गाडी घे की!" ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी. पण आपल्या भागात गाडी एका पिढीकडून दुसरीकडे जाते, घरच्या बैलजोडीसारखी. तिला नीट वागवणं हेही इंजिनिअरिंगच आहे.

आमच्या विभागातल्या सरांना एक विनंती करावीशी वाटते. आरएसीच्या प्रॅक्टिकलला आपण दरवर्षी तोच वॉटर कूलर चालवून तीच रीडिंग उतरवतो. त्याऐवजी एखाद्या शनिवारी चंदनझिऱ्याच्या एखाद्या गॅरेजवाल्याला त्याच्याकडच्या जुन्या गाडीसकट बोलवा. त्याच्या हातात कसब आहे, आपल्याकडे तक्ते आणि सूत्रं आहेत. तो आपल्याला ब्रॅकेट कसा बसवायचा ते शिकवील, आपण त्याला दाबाचा तक्ता वाचायला शिकवू. कोण कुणाचा गुरू हे नंतर ठरवू!

तोवर कुणी विचारलंच, "कोणता एसी घेऊ?" तर लगेच नाव सांगू नका. आधी विचारा, "इंजिन किती अश्वशक्तीचं आहे?" अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला लहानपणीच शिकवलंय. गाडीच्या बाबतीत अंथरूण म्हणजे इंजिन.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी