सिंगापूर खालून बघावं

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला दोन खोडी जडतात. एक फोटो दाखवण्याची आणि दुसरी, "आपल्याकडे असं कधी होणार?" असा सुस्कारा टाकण्याची. पहिली निरुपद्रवी, यजमानांचे पोहे खात खात सोसता येते. दुसरीनं मात्र शहरं बिघडतात.

आम्ही सिंगापूरला गेलो ते सहलीबरोबर. जाहिरातीत "रोज घरगुती भारतीय जेवण" हे शब्द 'सिंगापूर'पेक्षा मोठ्या टाइपात होते. शब्द पाळला गेला. सकाळी उपमा, दुपारी वरणभात, रात्री पनीर! चौथ्या संध्याकाळी मरिना बे सँड्सच्या ५७व्या मजल्यावर नेऊन आम्हांला सिंगापूर दाखवण्यात आलं. खाली इमारती काडेपेट्यांएवढ्या. माणूस एकही दिसेना. कठड्याला टेकून आमच्यातले निवृत्त इंजिनियर म्हणाले, "आपल्या शहराचं असं सिंगापूर झालं पाहिजे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोला, मीही डोलावली.

दुसऱ्या दिवशी आमच्या हिनं बंड केलं. "सदाशिव पेठेत मिळतं तेच खायचं होतं तर समुद्र कशाला ओलांडला?" संध्याकाळी सहलीला चुकवून आम्ही दोघं 'लाऊ पा सात'ला गेलो. म्हणजे जुना बाजार. त्यातलं 'पा सात' हे मलायी 'पासार', आणि पासार म्हणजे फारशीतून तिकडेही पोचलेला आपला बाजारच. १८९४ सालची अष्टकोनी बिडाची इमारत, भोवती बँकांचे मनोरे. संध्याकाळी शेजारची बून टाट स्ट्रीट वाहनांना बंद होते, भर रस्त्यात टेबलं मांडतात आणि निखाऱ्यांवर सातेच्या काड्या चुरचुरू लागतात. टेबलावर कागदी रुमालांचं पुडकं ठेवलं की जागा धरली! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे आपले भाऊबंद इथंही आहेत हे पाहून ऊर भरून आला. चिकन साते आलं. सोबत काकडी, कांदा आणि शेंगदाण्यांचा दाट गोडतिखट रस्सा. "अगंबाई, ही तर आपली दाण्याची चटणी, जरा पातळ!" ही म्हणाली.

मग मान वर केली. कालच्या काडेपेट्या आता धुराआडून आभाळात चढल्या होत्या, खिडक्याखिडक्यांत दिवे होते आणि त्याच खिडक्यांतून उतरलेली माणसं टाय सैल करून आमच्या शेजारी काड्या चोखत होती. सिंगापूर मला तेव्हा दिसलं.

हा धूर तिथं आपोआप उरलेला नाही. १९६८-६९ साली तिथल्या सरकारनं रस्त्यावरचे सुमारे १८ हजार फेरीवाले नोंदवले आणि १९८६पर्यंत त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या केंद्रांत जागा दिली. सवयीचा कोपरा सोडताना कुरकुर झालीच असेल. पण चूल विझली नाही. २०२० साली युनेस्कोनं वारसा म्हणून गौरवलं ते या खाद्यकेंद्रांच्या संस्कृतीला, मनोऱ्यांना नव्हे.

आणि आपलं सिंगापूर? टॉवर येणार म्हटलं की पहिली हलते ती वडापावची गाडी. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली संसदेनं कायदा केला. तरी अजून पालिकेची गाडी दिसली की वड्याची गाडी पळते. मग टॉवरातले साहेब विसाव्या मजल्यावरून फोनवर वडा मागवतात आणि गार आला म्हणून रागावतात! आम्ही सिंगापूरची उंची तेवढी आणू बघतो, कारण आम्हांला ते वरूनच दाखवलेलं असतं. नक्कल करायचीच तर खालून सुरुवात करा. आधी गाडीवाल्याला नळ द्या. मजले मागाहून चढवा.

परतीच्या विमानात इंजिनियरसाहेबांना मी हे सगळं तावातावानं ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग समोरच्या पनीरकडे बघत हळूच म्हणाले, "अहो, मग जाताना आम्हांला का नाही हाक मारलीत?"