पावतीवरचा एक शब्द



दिवाळीच्या आवराआवरीत यंदा माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुने पावतीपुस्तक सापडले. आमच्या चाळीतल्या गणेशोत्सवाचे. वर गणपतीचे चित्र, खाली मंडळाचे नाव आणि त्या नावाच्या आरंभी ठळक टाइपात छापलेला शब्द : ‘सार्वजनिक’. शाळेत असताना हे पुस्तक घेऊन मी दारोदार वर्गणी मागत फिरलो आहे. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहत. पहिल्याच वर्षी त्यांनी मला आत बोलावले, खुर्चीवर बसवले आणि शांतपणे सांगितले, “बाळ, मी मूर्तिपूजा मानत नाही. वर्गणी देणार नाही.” मी खाली येऊन फुरंगटून हे मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर घातले. अध्यक्ष गिरणीत कामाला होते. ते स्वतः जिना चढून गेले आणि म्हणाले, “मास्तर, वर्गणीचं राहू द्या. पण पाचव्या दिवशी पोरांचं नाटक आहे. पुढच्या रांगेत तुम्ही हवेत.” मास्तर आले. पुढे मंडळाने मुलांसाठी वाचनालय काढले तेव्हा पुस्तकांचा पहिला गठ्ठा त्यांनीच आणून दिला. पावतीपुस्तकात मात्र त्यांच्या नावाची पावती एकही नाही.

यंदाच्या अंकाचा विषय श्रद्धा आणि सार्वजनिक जीवन हा आहे. धर्म घराच्या उंबऱ्याआत असावा की चव्हाट्यावर यावा, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे. दोन्ही बाजूंनी तळमळीने बोलणारी माणसे आमच्या वाचकांत आहेत. अंकाची आखणी करताना मला त्या पावतीवरच्या शब्दाने सोडले नाही. या वादाचे उत्तर त्या एका शब्दात आहे असे मला वाटते, आणि तो शब्द आपण किती कष्टाने कमावला आहे याचा आपल्याला विसर पडत चालला आहे असेही वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत पुण्यात हा शब्द तीन ठिकाणी ठळकपणे उमटला. पहिले ठिकाण पुणे सार्वजनिक सभा. २ एप्रिल १८७० रोजी ती स्थापन झाली, आणि तिच्या उगमाशी एक देवस्थान आहे. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांत असंतोष होता. त्या गाऱ्हाण्यातून ही संस्था उभी राहिली. तिचा सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुमारे ६,००० लोकांच्या वतीने ९५ जण सभासद झाले. गणेश वासुदेव जोशी यांनी या सभेसाठी एवढे कष्ट घेतले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. देवळाच्या हिशेबापासून सुरू झालेली सभा पुढे शेतसारा आणि दुष्काळ यांवर सरकारला जाब विचारू लागली. सार्वजनिक या शब्दाचा तिथला अर्थ स्पष्ट होता : मी माझ्यापुरता बोलत नाही, माझ्या पाठीशी पन्नास माणसे आहेत आणि त्यांना मी जबाबदार आहे.

दुसरे ठिकाण जोतीराव फुले यांचे शेवटचे पुस्तक, ‘सार्वजनिक सत्यधर्म’. १८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवा हात निकामी झाला. तेव्हा डाव्या हाताने त्यांनी हे पुस्तक लिहिले. ते छापून आले १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. जोतीरावांनी धर्मग्रंथांवर आयुष्यभर कठोर प्रहार केले, पण विश्व घडवणाऱ्या निर्मिकाला ते मानत. या पुस्तकात त्यांनी एका घराची कल्पना मांडली आहे. त्या घरातली आई बौद्ध धर्म स्वीकारते, वडील ख्रिस्ती होतात, मुलगी इस्लामचा स्वीकार करते आणि मुलगा सत्यधर्मी होतो. तरीही चौघे एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका छपराखाली नांदतात. आज एकेका सोसायटीत वेगळ्या धर्माच्या भाडेकरूला घर मिळताना मारामार होते. अशा वेळी हे चित्र वाचताना अंगावर काटा येतो. जोतीरावांचे ‘सार्वजनिक’ एका चुलीभोवती बसले होते.

तिसरे ठिकाण अर्थातच गणेशोत्सव. १८९२ मध्ये भाऊसाहेब रंगारी यांनी पुण्यात सार्वजनिक गणपती बसवला. १८९३ पासून आणखी गणपती बसू लागले आणि लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने उत्सव गावोगाव गेला. देवघरातला देव चौकात आला आणि त्याच्याभोवती व्याख्याने झाली, मेळे उभे राहिले, तालमीतली पोरे एकत्र आली. परक्या राजवटीत माणसांना एकत्र जमायला हक्काची जागा मिळाली. हे ऋण मोठे आहे. पण प्रामाणिकपणे पूर्ण गोष्ट सांगायची तर १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली होती. त्याआधी पुण्याच्या मोहरमात हिंदू मोठ्या संख्येने सामील होत, ताबुतांपुढे नाचत, नवस बोलत. दंगलीनंतर ते थांबावे असा प्रचार झाला. सुरुवातीच्या काही मेळ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना आणि सुधारकांना जिव्हारी लागतील अशी पदे म्हटली. मांडव सार्वजनिक होता, पण त्यात कोण येऊ शकते आणि कोणाला बाहेर राहावे लागते, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून त्याच्यासमोर उभा होता.

तो प्रश्न मोठ्याने विचारला गेला तो १९२६ मध्ये, दादरला. उत्सव स्वतःला सार्वजनिक म्हणवतो, तर अस्पृश्य मानलेल्या आपल्या बांधवांना पूजेचा हक्क का नाही, असे प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले. त्यावरून वादळ उठले आणि त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरमध्ये सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. त्याच्या तीन वर्षे आधी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी विठ्ठलाचे दार सर्वांना खुले होण्याचे ठरल्यावर उठले. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले होते आणि एक श्रद्धाळू माणूस आपल्याच देवाच्या दारात प्राण पणाला लावून बसला होता. गुरुजींनी श्रद्धा सोडली नाही. श्रद्धेनेच त्यांना तिथे बसवले.

मला वाटते, या साऱ्या धडपडीचे सार संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात उतरले आहे. तो प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा हक्क देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. याच अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला. पावतीवरचा शब्द इथे पुन्हा भेटतो, दोनदा. त्यापुढे २७ वा अनुच्छेद म्हणतो की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावरही कर देण्याची सक्ती करता येणार नाही. सरकारलाही जी सक्ती करता येत नाही, ती गल्लीतल्या चार तरुणांनी दुकानदारावर कोणत्या अधिकाराने करावी? आमच्या अध्यक्षांनी संविधान वाचले होते की नाही, मला माहीत नाही. मास्तरांच्या दारात ते त्याच्याप्रमाणे वागले एवढे खरे.

श्रद्धेने घराबाहेर पडू नये असे मी म्हणणार नाही. या मातीत ते कधी घडलेच नाही. वारी रस्त्यावरूनच जाते. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करत, आणि त्यांच्या कीर्तनातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे येतात आणि परतताना त्यांच्या पिशव्यांत पुस्तके असतात. कडेगावच्या उंच ताबुतांना हिंदू आणि मुसलमान दोघांचे हात लागतात. माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान असतो. वांद्र्याच्या मोतमावलीला सप्टेंबरात मेणबत्ती लावायला जाणाऱ्यांत सर्व धर्मांच्या आयाबाया असतात. गोव्यात दिवाळीचा फराळ ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातो आणि नाताळात दोदोल, बेबिंका आणि नेवऱ्यांचे ताट उलट वाटेने येते. हे सारे पुसून टाकले तर आपल्या सार्वजनिक जीवनात बाजार आणि निवडणूक याखेरीज माणसांना एकत्र आणणारे फार थोडे उरेल.

पण बाहेर पडलेल्या श्रद्धेने सार्वजनिक या शब्दाची जबाबदारीही उचलली पाहिजे. रस्ता जितका भक्ताचा, तितकाच रुग्णवाहिकेत झोपलेल्या रुग्णाचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस परवानगीची वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. हे नियम मिरवणुकीला, उरुसाला, भोंग्याला, जयंतीला सारखेच लागू आहेत. तरी दर वर्षी तान्ह्या बाळाच्या आईला आणि हृदयविकाराच्या रुग्णाला खिडक्या लावून बसावे लागते. माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणावर होती तेव्हा बाहेर रात्रभर स्पीकरच्या भिंती थरथरत होत्या. ती जन्मभर देवभोळी. तिने फक्त एवढेच विचारले, “देवाला एवढ्या मोठ्याने का हाक मारतात?” मला उत्तर देता आले नाही.

आपल्याला वेगळे वागता येत नाही असे नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. शतकांची पायी वारी थांबली आणि लाखो वारकऱ्यांनी घरीच टाळ वाजवले. त्याच वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदानाचा आरोग्योत्सव केला. कोणाची श्रद्धा उणावली नाही. आपल्या भक्तीमुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका नको, एवढेच त्या वर्षी सर्वांना मनापासून कळले होते. जे महामारीत जमले, ते मास्तरांसाठी, शेजारच्या आजीसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलासाठी एरवीही जमायला हवे. २०२५ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. राज्य सर्वांचे असते. त्याच्या महोत्सवाचा मांडव म्हणूनच आता अधिक रुंद असायला हवा.

आमचे काही मित्र म्हणतात, श्रद्धा ही खासगी बाब, तिची चर्चा दिवाळी अंकात कशाला? त्यांना मी आदराने सांगतो की दिवाळी अंक याच चर्चेचे अपत्य आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि लक्ष्मीपूजनाच्या सणाला मराठी माणसाने वाचनाची जोड दिली. फराळाच्या ताटाशेजारी हा अंक ठेवताना लेखकाचा वा वाचकाचा धर्म कोणी विचारला नाही. आस्तिक आणि नास्तिक एकाच अनुक्रमणिकेत शेजारी शेजारी बसले. सणातून जन्मलेली आणि सर्वांची झालेली अशी दुसरी वस्तू आपल्याकडे क्वचितच असेल.

हा अंकही त्याच वाटेने जाणारा आहे. वारीत चाळीस वर्षे चालणाऱ्यांचे अनुभव इथे आहेत आणि देव न मानता सण साजरा करणाऱ्या घरांचेही आहेत. कथा आणि कवितांनी विषयाचे बंधन पाळलेले नाही, ते त्यांनी पाळू नये असेच आम्हाला वाटते. 

ते पावतीपुस्तक मी आमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या मंडळाच्या मुलांना दाखवले. मास्तरांची गोष्ट सांगितली. सगळे ऐकून एका मुलीने विचारले, “मग त्यांना प्रसाद द्यायचे का?” मी म्हणालो, दर वर्षी. अध्यक्ष स्वतः घेऊन जात, आणि मास्तर दोन्ही हात पुढे करून घेत.



— संपादक